वाचकांचे प्रश्न : वसंत आला हे ओळखायचं कसं?

गेल्या अंकात आम्ही एकच गोष्ट विचारली होती, तुमच्या अंगणात, गल्लीत, गच्चीवर वसंत आल्याचं तुम्हाला सगळ्यात आधी कशावरून कळतं? पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं काही आलं की वाचताना खूप आनंद झाला, आणि बऱ्याच जणांनी उत्तराऐवजी उलट आम्हालाच प्रश्न विचारलेत. त्यातले काही इथे घेतेय.

ताई, शाळेत वाचलं होतं की वसंत म्हणजे ऋतूंचा राजा वगैरे, पण इथे फेब्रुवारी संपता संपता पंखा फुल्ल स्पीडला जातो आणि रस्त्यावर नुसता पाचोळा. थंडी गेली की डायरेक्ट उन्हाळा. आपल्याकडे वसंत खरंच असतो का हो?
(एक वाचक, ठाणे)

असतो दादा, आणि चांगला दणक्यात असतो. पण तुमची शंका अगदीच चूक नाही, कारण हवामान खात्याच्या हिशोबात वसंत नावाचा ऋतूच नाही, त्यांच्याकडे जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा आणि मार्च ते मे उन्हाळा, संपला विषय. पंचांग म्हणतं चैत्र-वैशाख. आणि झाडं या दोघांचंही ऐकत नाहीत, ती माघातच कामाला लागलेली असतात.

गंमत अशी आहे की तुम्ही जो पाचोळा बघून वैतागताय ना, तीच पहिली खूण आहे. थंड देशांत पानं आधी गळतात, मग बर्फाचे लांबलचक महिने, आणि मग कुठे पालवी. आपल्याकडे पानगळ आणि पालवी एकमेकींना चिकटूनच येतात, बऱ्याचदा एकाच झाडावर, एकाच आठवड्यात. पाऊस थांबल्यापासून जमीन कोरडी होत जाते, मग पाणी वाचवायला झाड जुनी पानं टाकून देतं. दुसरीकडे डिसेंबरच्या शेवटापासून दिवस मोठा व्हायला लागलेला असतो, ते झाडाला बरोब्बर कळतं. मग पाऊस यायला अजून तीन-चार महिने असतानाच फुलायचं, म्हणजे मे-जूनपर्यंत शेंगा पिकतात, बी पडतं आणि पहिल्या पावसात रुजतं. भर उन्हात, एक थेंब पाणी नसताना ही झाडं पुढच्या पावसाची तयारी करत असतात, मला तर दरवर्षी हे बघून भरून येतं.

आता तुमच्यासाठी काम. घराजवळचा, ऑफिसच्या वाटेवरचा, बसस्टॉपमागचा कुठलाही एक पिंपळ धरा आणि मार्चभर येता-जाता फक्त वर बघा. एखाद्या दिवशी सगळा पिवळा पडलेला दिसेल, मग जवळजवळ उघडा, आणि मग फांद्यांच्या टोकांना तांबूस गुलाबी काहीतरी चमकायला लागेल. ती नवी पानं. एक जवळून बघा, इतकं पातळ असतं की ऊन आरपार येतं, हाताला मऊ आणि जरा ओलसर लागतं, खाली ती लांब शेपटी लोंबत असते आणि वारा नसला तरी पान थरथरत राहतं. तो तांबडा रंग नुसता दिसायला नाही बरं का, कोवळ्या पानात हिरवं द्रव्य अजून पुरेसं तयार झालेलं नसतं आणि हा लाल रंग त्याला कडक उन्हापासून सांभाळतो. आठ-दहा दिवसांत पोपटी, मग हिरवं. हे एकदा नीट पाहिलं ना की पुन्हा कोणी म्हणणार नाही की आपल्याकडे वसंत नाही.

आणि ठाण्यात राहून येऊरला गेला नसाल तर एका रविवारी सकाळी लवकर जाच. काटेसावर, पांगारा, पळस तर आहेतच, पण कुसुंब शोधा. लांबून वाटतं की अख्खं झाड लाल फुलांनी भरलंय, जवळ गेलं की कळतं एकही फूल नाही, सगळी कोवळी पानं आहेत.

आमच्याकडे शेताच्या बांधावर पळस खूप आहे, सध्या नुसता पेटलाय. लहानपणी आजी याचा रंग करायची एवढंच आठवतं. मुलांना यंदा होळीला तोच रंग द्यायचाय, कसा करायचा? आणि ते पळसाला पाने तीनच म्हणतात ते का हो?
(एक वाचक, यवतमाळ)

ताई, वा! तुमच्याकडचा पळस म्हणजे काय विचारता, फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भातून एसटीने किंवा रेल्वेने जाताना दोन्ही बाजूला जे दिसतं ते ज्याने पाहिलं नाही त्याला शब्दात सांगून उपयोगच नाही. आधी ती काळी मखमली कळ्यांची गर्दी, मग त्यातून बाहेर पडलेली पोपटाच्या चोचीसारखी बाकदार केशरी पाकळी. सकाळी झाडाखाली दहा मिनिटं उभ्या राहा, वर किती वर्दळ असते बघा, साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, आणि थव्याने येणारी गुलाबी-काळी पळसमैना. ती थंडीची पाहुणी, परत जायच्या आधी इथे मध पिऊन घेते. फुलात गोड रस असतो आणि पक्षी चोच घालताना डोक्याला परागकण घेऊन पुढच्या झाडावर जातात, म्हणून तर पानं नसताना फुलायचं, लांबून दिसलं पाहिजे ना.

रंग सोपा आहे. फांद्या तोडू नका, खाली पडलेली ताजी फुलंच पुरतात. मागची काळी टोपी काढून टाकायची, पाकळ्या सावलीत सुकवून ठेवायच्या (उन्हात ठेवल्या तर रंग उडतो), आणि होळीच्या आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात भिजत घालायच्या. घाई असेल तर पंधरा-वीस मिनिटं उकळल्या तरी चालतं. सकाळी कापडातून गाळून घ्या, छान केशरी-पिवळं पाणी मिळतं. काही जण रंग गडद व्हायला त्यात चिमूटभर चुना टाकतात, पण तुम्ही मुलांसाठी करताय तर चुना नकोच, डोळ्यात गेला तर त्रास. पांढऱ्या कपड्यावर पिवळेपणा राहतो एवढं लक्षात ठेवा.

आणि पानं तीन म्हणजे, एका देठावर तीन पर्णिका, एक पुढे आणि दोन बाजूला. कुठलाही पळस घ्या, हेच. म्हणून तर म्हण पडली, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. होळी झाली की नवीन पालवी येईल तेव्हा मुलांना घेऊन खात्री करून घ्या.

अजून एक, कळकळीने सांगते. पिवळ्या फुलांचा पळस कुठे दिसला तर बघा, फोटो काढा, पण जागा सोशल मीडियावर टाकू नका. त्याच्याबद्दल धनलाभाच्या काहीबाही समजुती पसरल्यात आणि लोक साल, मुळं, फांद्या ओरबाडून नेतात.

ताई मला सांगा याला काही उपाय आहे का, आमच्या खिडकीबाहेरच्या आंब्यावर कोकिळा पहाटे चार-साडेचारला सुरू होते ती थांबतच नाही, मुलाची दहावी आहे, कोणाचीच झोप होत नाही. शिवाय दिवसभर एक टुक टुक टुक असा आवाज येतो, तो कुठून येतो तेच कळत नाही.
(एक वाचक, पुणे)

आधी दहावीच्या लेकराला खूप शुभेच्छा! परीक्षेच्या दिवसांत झोप महत्त्वाची, त्यामुळे त्या बाजूची खिडकी रात्री लावून घ्या, त्याला दुसऱ्या खोलीत झोपवा, आणि एक चेक करा, त्या आंब्यावर सोसायटीचा हॅलोजन किंवा रस्त्याचा दिवा पडतो का? शहरात रात्रभर उजेड असला की पक्षी अवेळी ओरडायला लागतात. दिव्याचं तोंड खाली फिरवून घेतलंत तर फरक पडू शकतो. बाकी तिला गप्प करायचा उपाय माझ्याकडे नाही, आणि असता तरी दिला नसता.

तिला म्हटलं खरं, पण गातोय तो नर. काळाकुळकुळीत, लालभडक डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, तिचा आवाज नुसता किक किक किक असा. बहुतेकांनी मादी पाहिलेलीच नसते कारण ती दाट पानांत लपून असते. हे घरटं बांधत नाहीत, अंडं कावळ्याच्या घरट्यात. आता तुमच्या परिसरात कावळे काड्या, तारा, हँगर गोळा करताना दिसतील, दोघांचं वेळापत्रक जुळलेलं असतं. पक्षी बघणारे सांगतात की नर मुद्दाम घरट्याजवळ येऊन ओरडतो, कावळे चिडून त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी आपलं काम उरकते. तुमच्या आंब्यावर हे सगळं चालू असेल, खिडकीतल्या खिडकीत! परीक्षा संपली की मुलाच्या हातात दुर्बीण द्या.

टुक टुक म्हणजे तांबट. तांब्याच्या भांड्यावर ठोके मारल्यागत एका लयीत, भर दुपारी सुद्धा, दमत नाही. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याभोवती पिवळं. आवाज कुठून येतो ते कळत नाही कारण ओरडताना तो मान इकडून तिकडे फिरवत असतो. एखादी वाळलेली फांदी शोधा, तिच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं गोल भोक दिसलं तर ते त्याचं घर.

आणि यावरून एक महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये सोसायट्यांना पावसाळ्याआधी फांद्या छाटायची घाई होते, नेमकी तेव्हाच घरट्यांत पिल्लं असतात. वाळकी फांदी दिसली की काढून टाका म्हणतात, ते तांबटाचं घर असतं. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच, छाटणीचं सुद्धा पालिकेत विचारून करा, आणि परवानगी मिळाली तरी आधी खाली उभं राहून घरटं आहे का ते बघा आणि असेल तर महिनाभर थांबा. मीटिंगमध्ये हा विषय तुम्हीच काढा, प्लीज.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. बोरिवलीत शिमग्याच्या सुमारास कधीतरी गावाहून कोणी सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) आणला की घरभर वास. यंदा स्वतः जायचा विचार आहे, कधी जाऊ?
(एक वाचक, बोरिवली)

शिमग्यालाच जा ना, पालखीही होईल आणि सुरंगीही! साधारण फेब्रुवारी अखेर ते मार्च हा तिचा काळ, हवेप्रमाणे थोडं मागेपुढे. फुलं फांद्यांच्या अंगालाच गुच्छांनी चिकटून येतात, आणि ती पूर्ण उमलायच्या आत सकाळी लवकर कळ्या काढाव्या लागतात. झाडाखाली गेलात तर आधी मधमाश्यांचा आवाज येतो, मग वास. वळेसर सुकला तरी फेकू नका, कपड्यांच्या कपाटात ठेवा, वास बरेच दिवस टिकतो. झाडावर चढून कळ्या काढणं हे जोखमीचं काम आहे, त्यामुळे बाजारात ज्या बायका विकायला बसतात त्यांच्याशी घासाघीस करू नका एवढंच.

मी नागपूरला शिकते, घर गडचिरोली जिल्ह्यात. आमच्याकडे वसंत वगैरे कोणी म्हणत नाही, आमच्याकडे मोहफूल पडायला लागलं की मार्च आला. आई पहाटे वेचायला जाते. मैत्रिणींना मोह म्हटलं की फक्त दारू आठवते, याचं वाईट वाटतं.
(एक वाचक, नागपूर)

तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं गं, कारण वसंताच्या गप्पांत हे कोणी लिहीत नाही. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात, फिकट पिवळी, रसरशीत, गोड. वेचायची, वाळवायची, वर्षभर पुरवायची. भाकरीत, लाडवात, उकडून, गुरांनाही, आणि विकून हातात रोख पैसा येतो तो नेमका शेतीत काम नसताना. नंतर फळं आली की बियांचं तेल. एका झाडावर घराचा केवढा तरी आधार असतो. अस्वलंही याच फुलांसाठी झाडाखाली येतात, म्हणून आईला एकटीने अंधारात जाऊ नको म्हणावं, घोळक्याने जा.

फुलं नीट दिसावीत म्हणून खालचा पाला जाळतात आणि ती आग जंगलात जाते, हे तुलाही माहीत असेलच. पाला झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी बांधली तर फुलं स्वच्छही राहतात आणि भावही बरा मिळतो. गावात हे तू बोललीस तर ऐकतील. आणि मैत्रिणींना यंदा घरी घेऊन जा, एका पहाटे त्यांना वेचायला लाव, मग बघ.

जर्मनीतला आमचा हा पहिला मार्च. हिवाळा इतका लांबला की रडू यायचं. इथे वसंत आला हे कशावरून ओळखायचं? आणि पाडव्याला कडुनिंब कुठून आणू?
(एक वाचक, श्टुटगार्ट)

अगं, तू तर अशा देशात आहेस जिथे या खुणांची सरकारी नोंद होते! तिथलं हवामान खातं झाडांवरून वर्षाचे दहा ऋतू मानतं. हेझलच्या झुडपाला तुरे आले आणि जमिनीतून श्नेग्लॉक्शनची पांढरी फुलं डोकावली की पूर्ववसंत, फोर्सिथियाचं पिवळं झुडूप फुललं की पहिला वसंत, सफरचंद फुललं की पूर्ण वसंत. देशभरातले हौशी लोक वर्षानुवर्षं या तारखा कळवत आलेत. संध्याकाळी छपरावर बसून एक काळा पक्षी, पिवळ्या चोचीचा, फार सुंदर गात असेल तर ती अ‍ॅम्सेल, आपल्या दयाळची आठवण येईल तुला. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातील, म्हणजे भारताशी साडेचार तासांचं अंतर साडेतीनवर येईल, तुझं ऑफिस सुटेल तेव्हा आई अजून जागी असेल!

कडुनिंब नाही मिळालं तर मन खट्टू करू नकोस. ईस्टरच्या सुमारास फुलवाल्यांकडे फोर्सिथियाच्या फांद्या मिळतात, तिथली माणसं त्या घरात सजवून ठेवतात. तीच गुढीला लाव. साखरेची गाठी घरी करता येते, आणि कडू म्हणून थोड्या मेथ्या, गूळ, ओवा, चिंच एकत्र वाटून घे.

सासूबाई गेल्यापासून चैत्रगौर बसवली नाही. यंदा करावीशी वाटतेय, पण टूबीएचके, नोकरी, आणि तीजेला नेमकी ऑडिट. जमेल का?
(एक वाचक, नाशिक)

जमेल की! चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसवली की अक्षय तृतीयेपर्यंत जवळजवळ महिना आहे, हळदीकुंकू त्यातल्या कुठल्याही रविवारी करा. आंबेडाळ नसेल तर मात्र चैत्रगौर वाटत नाही असं माझं स्पष्ट मत. हरभरा डाळ चार-पाच तास भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि जाडसरच वाटा, पेस्ट झाली की संपलं. कैरी किसून, मीठ, साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर, वरून हिंग-मोहरी-हळद-सुक्या मिरचीची फोडणी, पण ती गार करून घाला म्हणजे डाळीचा कच्चा कुरकुरीतपणा राहतो. कैरी आंबट आहे की नाही ते आधी चाखून बघा. पन्हं आदल्या दिवशी, कैऱ्या उकडून, गूळ आणि वेलची. भिजवलेले हरभरे ओटीत, कलिंगडाच्या फोडी, झालं. सासूबाई ज्या मैत्रिणींना बोलवायच्या त्यांना आवर्जून फोन करा, त्यांनाही ते दिवस आठवत असणार.

मी सहावीत आहे. बाईंनी एका झाडाचं प्रोजेक्ट दिलंय, जूनपर्यंत करायचंय. कोणतं झाड घेऊ?
(एक विद्यार्थिनी, सातारा)

काटेसावर घे! शाळेच्या वाटेवर असेल तर उत्तम, कारण रोज बघता येईल. आत्ता पानं नसतील, फक्त मोठी लाल फुलं, पाच जाड पाकळ्यांची. खाली पडतात तेव्हा चक्क धप्प असा आवाज येतो. एक उचलून मधले केसर मोज, वहीत लिही. कोणते पक्षी आले, सकाळी जास्त की दुपारी, खोडावरचे काटे खाली जास्त की वर, पहिलं पान कधी दिसलं, सगळ्याची तारीख टाकायची. सीझनवॉच नावाचा एक उपक्रम आहे, त्यात भारतभरातली मुलं आपापल्या झाडाची दर आठवड्याला अशीच नोंद पाठवतात, बाईंना विचारून तूही पाठव. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून कापूस उडायला लागेल, त्यात काळी बारीक बी असते, थोड्या बिया जपून ठेव आणि पाऊस सुरू झाला की कुंडीत लाव. वहीचा फोटो आम्हाला नक्की पाठव, जुलैच्या अंकात छापू.